प्लाझ्मा द्यायला दुसऱ्यांदा का गेलात?

रक्तदान मी कॉलेजपासून करते, त्यामुळे सुईची भीती नाही. मागच्या महिन्यात पहिल्यांदाच प्लाझ्मा, म्हणजे रक्तातला पिवळसर द्रव भाग, दिला. रक्तदान दहा मिनिटांत उरकतं, इथे तासभर पडून राहावं लागलं. मशीन रक्त ओढतं, प्लाझ्मा बाजूला काढतं आणि लाल पेशी परत आपल्याच शरीरात सोडतं. ते परत येणारं रक्त दंडापर्यंत गार लागतं. मध्येच ओठांना मुंग्या आल्या. सिस्टरनी लगेच मशीनचा वेग कमी केला, कॅल्शियमची गोळी दिली. रक्त गोठू नये म्हणून त्यात सायट्रेट मिसळतात, त्याने असं होतं म्हणाल्या.

त्रास म्हणावा असं काही झालं नाही. तरी पुन्हा बोलावणं आलं तेव्हा दोन्ही वेळा "बघते" म्हणून टाळलं. रक्तदानाला असं कधी केलं नव्हतं, म्हणून मनाला लागून राहिलंय. नेमाने जाणाऱ्यांनी सांगा, पहिल्यांदा कोणीही हौसेने जातं, पण पुन्हा कशामुळे गेलात?

प्रतिसाद १
ताई, माझ्या वडिलांचं यकृत निकामी होत आलं होतं. रक्त गोठवणारे घटक यकृतातच तयार होतात, त्यामुळे एका रात्री त्यांचा रक्तस्राव थांबेना. प्लाझ्माच्या पिशव्या फ्रीजरमधून काढून कोमट पाण्यात वितळवत होते आणि मी दाराशी उभा होतो. फिकट पिवळी पिशवी, बाहेरून दव आलेलं. लेबलवर गट होता, तारीख होती, एक लांबलचक नंबर होता. नाव नव्हतं. ती तारीख सात महिन्यांपूर्वीची. त्या दिवशी कोणीतरी तासभर पडून राहिलं होतं आणि माझे वडील कोण हे त्याला ठाऊकही नव्हतं.

वडील त्यानंतर दोन वर्षं होते. माझाही गट त्यांच्यासारखाच एबी. रक्त घेताना एबीवाल्याला कोणाचंही चालतं, प्लाझ्मात बरोबर उलटं असतं : एबीचा प्लाझ्मा कोणत्याही गटाला देता येतो. हे कळल्यावर घरी बसवेना. आता ३८ वेळा झालं. दर वेळी भरलेल्या पिशवीवरची तारीख वाचूनच उठतो.

प्रतिसाद २
खरं सांगतो, मी पैशासाठी गेलो. अमेरिकेत शिकत होतो, तिथे प्लाझ्माचा मोबदला मिळतो आणि महिनाअखेरीला हात तंग असायचा. त्याची लाज वाटत नाही. त्या प्लाझ्माचंही औषधच झालं. आता राहतो तिथे काही मिळत नाही, तरी जातो. सवय लागली म्हणा, किंवा तिथली माणसं ओळखीची झाली म्हणा.

प्रतिसाद ३
माझ्या मुलीचं शरीर स्वतःची प्रतिपिंडं (जंतूंशी लढणारी प्रथिनं) पुरेशी बनवत नाही. दर चार आठवड्यांनी तिला सलाईनमधून इम्युनोग्लोब्युलिन, म्हणजे दात्यांच्या प्लाझ्मातली प्रतिपिंडं, द्यावं लागतं. त्याची एक बाटली बनवायला हजारो लोकांचा प्लाझ्मा एकत्र करतात. पूर्वी सतत न्यूमोनिया व्हायचा, आता ती शाळेत जाते, पावसात भिजून येते आणि मी ओरडते. माझ्या औषधांमुळे मला देता येत नाही. तुम्ही गेलात त्या एका खेपेबद्दलही मनापासून आभार.

प्रतिसाद ४
ऑस्ट्रेलियाच्या जेम्स हॅरिसन यांनी ११७३ वेळा दान केलं, २०१८ मध्ये वयाच्या ८१व्या वर्षापर्यंत. त्यांच्या प्लाझ्मातल्या अँटी-डी प्रतिपिंडांमुळे असंख्य बाळं वाचली (आरएच निगेटिव्ह आईचं शरीर पोटातल्या आरएच पॉझिटिव्ह बाळाच्या रक्तावर हल्ला करू नये म्हणून आईला त्यांचं इंजेक्शन देतात). चौदाव्या वर्षी छातीच्या शस्त्रक्रियेत अनोळखी लोकांच्या रक्ताने ते स्वतः वाचले होते, तिथून सुरुवात. आणि सुई टोचताना ते कायम दुसरीकडे बघायचे!

धागाकर्ती
प्रतिसाद ३ दोनदा वाचला. फोन केला, गुरुवार सकाळची वेळ मिळाली. हात फार गार पडतो, अंगावर शाल घेतलेली चालते का?

प्रतिसाद १
चालते, फक्त सुईचा हात मोकळा ठेवा. आदल्या दिवसापासून भरपूर पाणी प्या आणि उपाशीपोटी जाऊ नका.