खासगी ट्रॅकवर सुपरकार चालवण्याचे निमंत्रण आले आहे. जाण्यापूर्वी काय माहीत असावे?

कृष्णाकाठ (सांगली)

नमस्कार मंडळी. कुपवाड एमआयडीसीच्या रस्त्याला माझे चारचाकी दुरुस्तीचे गॅरेज आहे आणि गेली २२ वर्षे मी हेच काम करतो आहे. तासगाव भागातील एक द्राक्ष बागायतदार माझे जुने ग्राहक आहेत. आलिशान गाड्या विकणाऱ्या एका विक्रेत्याने त्यांना पुण्याच्या बाजूच्या एका खासगी ट्रॅकवर सुपरकार चालवून पाहण्यासाठी बोलावले आहे आणि सोबत एकाला नेण्याची मुभा दिली आहे. "गाडीतले मला काही कळत नाही, तुम्हीच चला," असे म्हणून त्यांनी मला न विचारताच माझे नाव कळवून टाकले. निमंत्रणात पोर्शे ९११ टर्बो एस आणि लॅम्बोर्गिनी हुराकान या दोन गाड्यांची नावे आहेत. शेजारी इन्स्ट्रक्टर बसेल आणि आम्हा दोघांनाही प्रत्येकी काही फेऱ्या स्वतः चालवायला मिळतील, असे त्यात लिहिले आहे.

आनंद झाला हे खरेच, पण काळजीही तेवढीच वाटते. माझी स्वतःची गाडी १,२०० सीसीची आहे आणि सांगली–कोल्हापूर रस्त्यावर मी तिला ताशी ८० किलोमीटरच्या पुढे क्वचितच नेतो. आजवर शेकडो गाड्यांचे ब्रेक मी उघडले, पॅड बदलले, ब्रेक ऑइल बदलले. परंतु ट्रायल घेताना ब्रेकवर पूर्ण ताकदीने पाय मी एकदाही दिलेला नाही, कारण मागून येणारा ट्रक थांबेल याचा भरवसा नसतो. तेव्हा अशा ठिकाणी पहिल्यांदा जाणाऱ्याने स्वतःची आणि गाडीची काय काळजी घ्यावी, दिवसाचा क्रम साधारण कसा असतो, क्लच नसलेल्या गाडीत डाव्या पायाचे काय करायचे आणि हेल्मेटच्या आत चष्मा कसा बसतो, हे जाणकारांनी सांगावे. आणखी एक गोष्ट मनाला खटकते आहे. निमंत्रणासोबत पाच पानांचा इंग्रजी इंडेम्निटी (नुकसानभरपाईची हमी देणारा) फॉर्म आला आहे आणि त्यात 'गाडीचे नुकसान झाल्यास चालकाने भरायची रक्कम' या ओळीपुढची जागा कोरी सोडलेली आहे.

अजिंक्यतारा (सातारा)

नमस्कार. मी सैन्यात वाहनचालकांना शिकवण्याचे काम केले आणि निवृत्तीनंतर साताऱ्यात स्थायिक झालो. तीन वर्षांपूर्वी जावयांमुळे मला अशाच एका कार्यक्रमाला जाता आले, त्या अनुभवावरून लिहितो.

सकाळी प्रथम नोंदणी होते. मूळ लायसन्स पाहतात, श्वासाची चाचणी घेतात आणि मग अर्धा-पाऊण तास सूचना देतात. या सूचना कंटाळवाण्या वाटल्या तरी त्यातला एकही शब्द सोडू नका, विशेषतः झेंडे. पिवळा झेंडा दिसला की पुढे धोका आहे आणि कोणालाही ओलांडायचे नाही. लाल दिसला की फेरी थांबली, वेग उतरवून शांतपणे पिटमध्ये, म्हणजे ट्रॅकशेजारच्या गाड्या उभ्या करण्याच्या जागेत, परत यायचे. निळा म्हणजे मागून अधिक वेगाची गाडी येत आहे, तिला वाट द्यायची. चौकटीचा म्हणजे वेळ संपली. मोकळ्या ट्रॅकवर तुम्हाला एकट्याला सोडून देत नाहीत. पुढे त्यांची एक गाडी धावते, तुम्ही तिच्या रेषेवरून चालवायचे आणि वळणाच्या आत-बाहेर लावलेले शंकू तुम्हाला ब्रेक कोठे मारायचा, आत कोठे शिरायचे आणि बाहेर कोठे निघायचे ते दाखवतात.

गाडीत बसल्यावर घाई न करता सीट नीट लावून घ्या. पाठ पूर्ण टेकलेली असताना मनगट स्टिअरिंगच्या वरच्या कडेवर पोचले पाहिजे आणि ब्रेक तळापर्यंत दाबल्यावरही गुडघा थोडा वाकलेला राहिला पाहिजे. पाय पूर्ण ताठ होत असेल तर ऐनवेळी ताकद लागत नाही. हात घड्याळाच्या नऊ आणि तीनच्या जागी ठेवा. डावा पाय डावीकडच्या पट्टीवर घट्ट रोवून ठेवा आणि ब्रेक उजव्या पायानेच मारा, कारण तुमचा डावा पाय आयुष्यभर क्लच तळाला नेत आला आहे आणि तीच सवय ब्रेकवर उतरली तर गाडी जागीच उभी राहील. गिअरसाठी स्टिअरिंगमागे दोन पाती असतात, उजवे वरच्या गिअरचे आणि डावे खालच्या. पहिल्या फेऱ्यांत मात्र गाडीलाच गिअर बदलू द्यावेत असे माझे मत आहे.

आता मुख्य गोष्ट. साताऱ्याहून पुण्याकडे जाताना खंबाटकीचा जुना बोगदा संपल्यावर जे एस आकाराचे वळण लागते, तिथे उतारावर वेग वाढलेला असतो आणि वळणात शिरल्यावर वेग जास्त झाल्याचे लक्षात येऊन माणूस स्टिअरिंग वळवता वळवताच ब्रेक दाबतो. तिथे जे अपघात झाले, त्यांत ही सवयही एक कारण आहे असे मला वाटते. टायरकडे पकड ठरावीक असते. ती ब्रेकसाठी खर्च केली तर वळण्यासाठी उरत नाही. म्हणून ट्रॅकवर जोराचा ब्रेक सरळ रेषेतच मारायचा, ब्रेकवरचा पाय हळूहळू सोडत गाडी वळवायची आणि चाके सरळ होऊ लागली की ॲक्सिलेटर द्यायचा. नजर बॉनेटपुढच्या डांबरावर न ठेवता जिथे पोचायचे आहे तिथे ठेवा. माझे हात शिकलेले होते, पण नजर खाली आणण्याची खोड मोडायलाच मला दोन फेऱ्या लागल्या. तुम्ही तर ब्रेकचे कारागीर आहात. पहिल्याच फेरीत सरळ पट्ट्यावर ब्रेक एकदा पूर्ण दाबून पाहा.

चष्म्याबद्दल: काड्या सरळ आणि पातळ असाव्यात. आधी कापडी टोपडे, मग हेल्मेट आणि नंतर चष्मा आत सरकवायचा. बूट पातळ तळाचे व अरुंद घ्या. सेफ्टी शूज घालून जाऊ नका. न्याहारी हलकी असू द्या.

हळदबाजार (सांगली)

मी विमा सर्वेक्षणाचे काम करतो, म्हणून फक्त कागदांविषयी लिहितो. रक्कम कोरी असलेल्या फॉर्मवर कृपया सही करू नका. आयोजकांना ईमेलने विचारा की या गाड्यांचा ट्रॅकवरील वापरासाठी विमा उतरवला आहे का, नुकसान झाल्यास चालकाच्या वाट्याला जास्तीत जास्त किती रक्कम येईल आणि ती केवळ निष्काळजीपणाच्या प्रसंगी येईल की कोणत्याही कारणाने. उत्तर लेखी घ्या, आकडा छापून घ्या आणि सही केलेल्या कागदाची प्रत स्वतःजवळ ठेवा.

हे एवढ्या आग्रहाने सांगण्याचे कारण असे की आपल्याकडील खासगी मोटारीच्या नेहमीच्या पॉलिसीत वापराच्या मर्यादा दिलेल्या असतात आणि त्यांत आयोजित शर्यत व वेगाची चाचणी यांसाठीचा वापर वगळलेला असतो. 'गाडीचा विमा आहे' एवढ्या तोंडी शब्दावर त्यामुळे विसंबता येत नाही. तुमच्या स्वतःच्या अपघात विम्यातही असेच अपवाद असू शकतात, तो कागद आज रात्रीच काढून वाचा. बागायतदारांनाही फॉर्ममधील प्रत्येक कलम मराठीत समजावून सांगा, कारण सही त्यांचीही असणार आहे.

प्रीतिसंगम (कराड)

मी कराडचा असून चाकणजवळच्या एका कंपनीत ब्रेकच्या चाचण्यांचे काम करतो. अजिंक्यतारा काकांचे लेखन मनापासून आवडले, पण त्यांच्या एका सूचनेशी मी असहमत आहे. पहिल्याच फेरीत ब्रेक पूर्ण दाबू नये. ९११ टर्बो एसला आणि हुराकानच्या बऱ्याच प्रकारांना कार्बन-सिरॅमिक डिस्क (चाकासोबत फिरणाऱ्या ब्रेकच्या तबकड्या) असतात. उष्णता सोसण्याची त्यांची ताकद बिडाच्या डिस्कपेक्षा बरीच जास्त असते, पण थंड असताना त्यांची पकड अपेक्षेपेक्षा कमी वाटते. टायरचेही तसेच आहे. पहिली फेरी डिस्क आणि टायर तापवण्यासाठी वापरावी आणि पूर्ण ब्रेक दुसऱ्या फेरीपासून, इन्स्ट्रक्टरने सांगितल्यावरच मारावा.

अंतराचा हिशेबही मनात असू द्या. ताशी १०० किलोमीटर वेगाने गाडी सेकंदाला सुमारे २८ मीटर जाते आणि कोरड्या डांबरावर चांगल्या टायरने ती ४० मीटरच्या आत-बाहेर थांबते. वेग दुप्पट झाला की हेच अंतर दुप्पट होत नाही, चौपट होते, म्हणजे २०० वरून थांबायला साधारण १६० मीटर लागतात. शिवाय पाय ब्रेकवर जाईपर्यंत एक सेकंद गेला तर आणखी ५५ मीटर. ज्या गाडीला शून्यापासून १०० ला पोचायला २.७ सेकंद लागतात, तिच्यात हा दुप्पट वेग केव्हा आला ते कळतच नाही.

खासगी ट्रॅकवर तो २०० चा आकडा बहुधा येणार नाही. नोएडाजवळच्या बुद्ध सर्किटची एक फेरी ५.१२५ किलोमीटरची आहे, चेन्नईजवळच्या ट्रॅकची सुमारे ३.७ आणि कोइम्बतूरच्या करी स्पीडवेची २.१ किलोमीटरची. करीसारख्या लहान ट्रॅकवर सरळ पट्टा आखूड असतो आणि वळणे लागोपाठ येतात. वेग कमी राहतो, पण ब्रेकला निवण्यासाठी उसंत मिळत नाही. म्हणूनच शेवटची फेरी ब्रेक जवळजवळ न वापरता सावकाश मारायची असते आणि गाडी उभी केल्यावर हॅंडब्रेक लावायचा नसतो, नाहीतर तापलेल्या डिस्कवर पॅड एकाच जागी दाबून राहतात.

दोन्ही गाड्यांचा स्वभावही वेगळा आहे. ९११ चे सहा सिलिंडरचे आडवे इंजिन मागच्या चाकांच्याही मागे बसवलेले आहे, हुराकानचे दहा सिलिंडरचे इंजिन चालकाच्या पाठीमागे, दोन आसांच्या मध्ये. ९११ मध्ये वळणाच्या मध्यावर घाबरून ॲक्सिलेटर एकदम सोडला की वजन पुढे सरकते, मागची चाके हलकी होतात आणि शेपूट बाहेर फिरू पाहते. आताच्या गाडीतील यंत्रणा ते बरेचसे सावरून घेते, तरी पाय झटकन सोडू नका. जाण्यापूर्वी वेळ असेल तर कोल्हापूरजवळच्या कार्टिंग ट्रॅकवर एक सकाळ घालवा. ब्रेक, वळण आणि नजर यांचा मेळ तिथे फार कमी खर्चात कळतो.

अजिंक्यतारा (सातारा)

प्रीतिसंगम यांचे म्हणणे बरोबर आहे. मी चालवलेल्या गाडीला बिडाच्या डिस्क होत्या आणि पहिली फेरी इन्स्ट्रक्टरने स्वतः मारून ती तापवून दिली होती, हे मी लिहायला हवे होते. माझी ती सूचना मागे घेतो.

कृष्णाकाठ (सांगली)

सर्वांचे मनापासून आभार. आम्ही रविवारी जाऊन आलो, म्हणून सविस्तर कळवतो.

फॉर्मबद्दल ईमेल पाठवल्यावर दोन दिवस उत्तर आले नाही. तिसऱ्या दिवशी मी फोन करून 'आकड्याशिवाय सही होणार नाही' असे स्पष्ट सांगितले, तेव्हा रक्कम भरलेला आणि ती फक्त इन्स्ट्रक्टरची सूचना मोडल्यासच लागू होईल असे वाक्य घातलेला नवा कागद आला. बागायतदारांना तो मी ओळीने वाचून दाखवला. हळदबाजार साहेब, तुम्ही सांगितले नसते तर आम्ही दोघांनी तो कोरा कागद तसाच सही करून दिला असता.

ट्रॅकवर पोचल्यावर मी आधी ९११ च्या पुढच्या चाकाजवळ उकिडवा बसलो. तिची पुढची डिस्क ४२० मिलिमीटरची आहे. माझ्या गाडीची १४ इंची रिम साधारण ३५५ मिलिमीटर भरते, म्हणजे माझा अख्खा टायर ज्या रिमवर चढतो तिच्याहूनही ही नुसती डिस्क मोठी. तिच्या कॅलिपरमध्ये, म्हणजे पॅड डिस्कवर दाबणाऱ्या भागात, दहा पिस्टन. माझ्याकडे येणाऱ्या बहुतेक गाड्यांना एक असतो.

पहिली फेरी सावकाश मारली. दुसऱ्या फेरीत सरळ पट्ट्याच्या शेवटी शंकूजवळ इन्स्ट्रक्टर म्हणाले, "आता पूर्ण." मी पाय दिला, पण अर्ध्यातच आपोआप थांबवला, २२ वर्षांची सवय. त्यांनी तिसऱ्या फेरीत पुन्हा सांगितले आणि त्या वेळी मी खरोखर पूर्ण जोराने दाबला. पट्टा खांद्यात रुतला, चष्मा नाकावरून अर्धा इंच पुढे घसरला, पायाखाली एबीएसची (चाके जाम होऊ न देणाऱ्या यंत्रणेची) बारीक थरथर सुरू झाली आणि गाडी वळणाच्या शंकूच्या कितीतरी अलीकडे माणसाच्या चालीवर आली. स्टिअरिंग मात्र जराही हलले नाही. ज्या कामावर माझे घर चालते, त्या कामाचा पूर्ण अर्थ मला वयाच्या ४६ व्या वर्षी तिथे पहिल्यांदा अनुभवायला मिळाला आणि पिटमध्ये परत आल्यावर काही वेळ मला बोलता आले नाही.

हुराकानमध्ये मी ब्रेकपेक्षा आवाजाकडेच जास्त लक्ष दिले हे कबूल करतो. मिनिटाला ८,००० आवर्तनांकडे जाणारे ते इंजिन पाठीशीच असते. बागायतदारांच्या पोटात दुसऱ्या फेरीनंतर ढवळू लागले. त्यांनी लगेच हात वर केला आणि इन्स्ट्रक्टरांनी त्यांना सन्मानाने परत आणले. असे झाल्यास कोणी संकोच करू नये.

प्रीतिसंगम, एक शंका आहे. पहिल्या फेरीत हलका ब्रेक मारला तेव्हा पाय लाकडावर पडल्यासारखा वाटला, पेडल फारसे खाली जात नव्हते आणि गाडीही मनासारखी धरत नव्हती. गॅरेजमध्ये असे पेडल लागले की मी आधी बूस्टर (ब्रेकवरचा पायाचा जोर वाढवणारा भाग) तपासतो. इथे कारण नक्की काय असावे?

प्रीतिसंगम (कराड)

बूस्टरमध्ये दोष असण्याची शक्यता फार कमी वाटते. आपल्या रोजच्या गाडीत कॅलिपर, होज आणि पॅड हे सगळेच किंचित लवचीक असतात, म्हणून पेडल खाली जाते आणि आपल्याला ते जाणेच ब्रेक लागल्यासारखे वाटते. या गाडीत दहा पिस्टनचे ताठ कॅलिपर असल्याने पेडलचा प्रवास मुळातच आखूड आहे. तिथे ब्रेक पेडल किती खाली गेले यावरून न जोखता पायाने किती जोर दिला यावरून जोखायचा असतो. त्यातच डिस्क थंड असल्याने तेवढ्या जोराला पकड कमी मिळाली. तिसऱ्या फेरीत पेडलचा प्रवास जवळपास तेवढाच राहिला असेल, पकड मात्र वाढली. गॅरेजमधील गाडीत दोष ओळखायचा असेल तर इंजिन बंद करून पेडल चार-पाच वेळा दाबा, शेवटी पाय तसाच दाबून धरा आणि इंजिन सुरू करा. पेडल थोडे खाली आले तर बूस्टर काम करतो आहे. नाहीच हलले तर मात्र तुमची नेहमीची शंका बरोबर आहे. व्हॅक्यूमचा पाइप आणि त्याचा व्हॉल्व्ह आधी पाहा.