इंग्रजी यमक कानाने कसं शिकवावं? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी. मी मराठी माध्यमाच्या सहावीला इंग्रजी शिकवते. यमक जुळणारे शब्द विचारले की मुलं स्पेलिंगचा शेवट बघतात आणि 'कम'ला 'होम', 'फूड'ला 'गुड' जोडतात. साहजिकच आहे, मराठीत डोळ्यांना जुळलेलं यमक बहुधा कानालाही जुळतं. इंग्रजीचं तसं नाही. इंग्लंडमध्ये कॅक्स्टनने १४७६ साली छापखाना काढला. पुढच्या दोनेकशे वर्षांत स्वरांचे उच्चार खूप बदलले, स्पेलिंग मात्र बरंचसं जुनंच राहिलं. म्हणून 'ब्लू', 'शू', 'थ्रू', 'टू' हे दिसायला चार तऱ्हेचे, पण यमक पक्कं!

फळ्यावर काहीही न लिहिता, आधी नुसतं ऐकवून अशा जोड्या घ्याव्यात असं मला वाटतं. कुणी असं केलंय का? स्पेलिंग नेमकं कधी दाखवलंत?

आणखी एक अडचण. एबीसीडीच्या गाण्यात शेवटी अमेरिकन 'झी' आलं तरच पुढच्या 'मी'शी यमक जमतं. आपण वर्गात 'झेड' म्हणतो, मुलं मोबाइलवर 'झी' ऐकतात. मी दोन्ही उच्चार सांगते, पण लहान वर्गांना त्याने गोंधळ होईल का? पहिली-दुसरीला शिकवणाऱ्यांनी जरूर सांगा.