मदत हवी आहे: रामटेकची शालेय सहल – अंबाळा, गड आणि नगरधन एका दिवसात कसे बसवावे?

सर्वांना नमस्कार.

मी भंडारा जिल्ह्याच्या मोहाडी तालुक्यातील एका गावात जिल्हा परिषदेच्या शाळेत सहावी-सातवीला इतिहास आणि मराठी शिकवते. धानाची कापणी-चुरणी आटोपली की पालकांना थोडी सवड मिळते, हातात थोडा पैसा येतो आणि मग शाळेत सहलीचा विषय निघतो. आजवर आमच्या सहली बहुधा नागपूरच्या बागा आणि पाण्याच्या खेळांकडेच गेल्या. यंदा मुलांना रामटेकला न्यावे असे मी सुचवले आणि शाळा व्यवस्थापन समितीनेही ते मान्य केले. चाळीसेक मुले, आम्ही तीन शिक्षक आणि एस.टी.ची प्रासंगिक कराराची एक बस असा बेत असून, पहाटे निघून तुमसरमार्गे जायचे आणि दिवे लागायच्या सुमारास गावात परतायचे, असे ठरले आहे. रामटेकला राहणाऱ्या किंवा तेथे मुले घेऊन गेलेल्या मंडळींनी दिवसाच्या आखणीबाबत मार्गदर्शन करावे, अशी विनंती आहे.

रामटेकच का, हे आधी सांगते. सहावीच्या इतिहासात वाकाटक येतात आणि दोन तासिकांत निघून जातात. त्याच वाकाटकांची राजधानी नंदिवर्धन म्हणजे आजचे नगरधन, हे ठिकाण आमच्या गावाहून एका सकाळच्या प्रवासावर आहे. दुसऱ्या चंद्रगुप्ताची मुलगी प्रभावतीगुप्ता वाकाटक घराण्यात आली आणि पती दुसरा रुद्रसेन वारल्यावर तिने लहान मुलांच्या वतीने या प्रदेशाचा कारभार पाहिला. तिच्या ताम्रपटांत आधी माहेरच्या गुप्त घराण्याची वंशावळ दिलेली आहे, आणि रिद्धपूरचा ताम्रपट तर रामगिरीच्या स्वामींच्या पायापासून दिल्याचे त्यातच लिहिलेले आहे. तो रामगिरी म्हणजे हाच गड. अलीकडे नगरधनच्या उत्खननात तिच्या नावाची मातीची मुद्राही मिळाली. दीड हजार वर्षांपूर्वी आपल्या या भागाचा कारभार एका बाईने चालवला, ही गोष्ट माझ्या वर्गातल्या मुलींनी पुस्तकात वाचण्यापेक्षा त्या दगडांसमोर उभे राहून ऐकावी, अशी माझी मनापासून इच्छा आहे.

माझ्या मनातील क्रम असा आहे. सकाळी प्रथम अंबाळा तलाव. आमची मुले मालगुजारी तलावांच्या काठी वाढलेली आहेत; पाळ कशी बांधतात, सांडव्यावरून पाणी कसे जाते, हे त्यांना शिकवावे लागत नाही. परंतु त्यांनी पाहिलेले तलाव शेतीचे. चहूबाजूंनी दगडी घाट, काठाला ओळीने जुनी देवळे आणि एकीकडे पिंडदान चाललेले, असा तलाव त्यांनी पाहिलेला नाही. तेथे तासभर बसून त्यांनी घाटाचे चित्र काढावे, असे मी योजले आहे. सकाळी घाटावर अस्थिविसर्जनाचे आणि पिंडदानाचे विधी चालू असतात, म्हणून त्या कुटुंबांना मुलांचा त्रास होऊ नये याची मला काळजी वाटते. विधींपासून दूर, पण तलाव पूर्ण दिसेल अशी बसण्याची जागा कोणत्या बाजूला आहे?

त्यानंतर अंबाळ्याकडून जुन्या दगडी पायऱ्यांनी गड चढावा, असा विचार आहे. गडावर श्रीरामाचे आणि लक्ष्मणाचे दर्शन तर होईलच, परंतु माझा खरा जीव केवल नरसिंह आणि रुद्र नरसिंह या दोन मंदिरांत गुंतला आहे. दोन्ही पाचव्या शतकातील, म्हणजे विदर्भातील सर्वांत जुन्या उभ्या देवळांपैकी. आत तांबड्या दगडातून घडवलेला भला थोरला नरसिंह एक गुडघा उभा करून बसलेला आहे, हातात चक्र आहे आणि हात दोनच आहेत. चार हातांचे देव पाहण्याची सवय असलेल्या मुलांना हे प्रथम दाखवायचे आणि मग काय वेगळे दिसते ते विचारायचे, असे मी ठरवले आहे. केवल नरसिंह मंदिरातील शिलालेखाचा संबंध प्रभावतीगुप्तेशी असल्याने धड्याचा धागा तेथेच जुळतो. ही दोन्ही मंदिरे दिवसभर उघडी असतात का आणि चाळीस मुले एकदम गेल्यास आत उभे राहता येते का, की दहा-दहांचे गट करावे लागतील? गडावरील वराहाच्या मूर्तीखालून सरपटत जाण्याचा मोह मुलांना होणारच. तशी मुभा आहे का, तेही कळवावे.

आता सर्वांत महत्त्वाचा प्रश्न. आमच्या वर्गातील एक मुलगा पायाच्या दुखण्यामुळे कुबडीच्या आधाराने चालतो. त्याच्या आईने, त्याला घरीच ठेवू का, असे विचारले तेव्हा तो आलाच पाहिजे असे मी तिला सांगितले. त्याच्यासाठी बस वरच्या वाहनतळापर्यंत नेता येते, असे ऐकले आहे. तेथून नरसिंह मंदिरांपर्यंत आणि पुढे वराह, सिंघपूर, भैरव व गोकुळ या दरवाजांतून राममंदिरापर्यंत किती पायऱ्या पडतात, मध्ये टेकायला कठडा आहे का, हे प्रत्यक्ष चाललेल्या कोणी सांगितल्यास फार उपकार होतील. मोठी बस वर जात नसेल, तर खालून रिक्षा मिळते का? वाट फारच चढाची असेल, तर सगळेच वाहनरस्त्याने वर जाऊ. पायऱ्यांचा हट्ट मी सोडून देईन.

दुपारनंतर कालिदास स्मारक पाहून नगरधनच्या किल्ल्याला जायचे आहे. सध्या उभा असलेला किल्ला बराच नंतरचा, भोसल्यांच्या काळाशी जोडलेला आहे, हे मुलांना सांगावे लागेल. मनसरच्या टेकडीवरील उत्खनन पाहण्याची ओढ मलाही आहे, परंतु घाईघाईने खूप ठिकाणे दाखवण्यापेक्षा मोजकीच नीट दाखवावीत, असे माझे मत असल्याने मनसर यंदा वगळते आहे. खिंडसी तलावातील नौकाविहारही नाही. मुलांना पाण्यात नेणार नाही, असे पालकांना आम्ही लिहून दिले आहे.

जेवणाचे डबे घरूनच येतील. गडावर माकडे पिशव्या ओढतात, म्हणून जेवण खालीच उरकावे असे वाटते; सावली, पिण्याचे पाणी आणि मुलींसाठी वापरण्याजोगे स्वच्छतागृह एकाच ठिकाणी कोठे मिळेल? तसेच त्रिपुरी पौर्णिमेच्या यात्रेची गर्दी टाळून त्यानंतरचा एखादा मंगळवार किंवा बुधवार घ्यावा, हे योग्य ठरेल का?

आणखी एक विचारायचे होते. रामटेकची पाने प्रसिद्ध आहेत, पण आमच्या मुलांनी पानमळा आतून पाहिलेला नाही. चपला बाहेर काढून, वेलांना हात न लावता, दहा मिनिटे मळा पाहू देईल असे एखादे बारी कुटुंब कोणाच्या परिचयाचे असल्यास त्यांना आधी विचारावे आणि त्यांची संमती असेल तरच मला निरोपातून कळवावे. बसची नोंदणी पुढच्या आठवड्यात करायची आहे.