काळ्या मातीच्या अंगणात कृत्रिम गवत घालावं का? (इंदूर)

प्राजक्ताचं अंगण

नमस्कार मंडळी. इंदूरला राजेंद्र नगरात आमचं जुनं घर आहे, पुढे १४ बाय २२ फुटांचं अंगण. माती अस्सल माळव्याची, काळी. आत्ता नवतपा (मे अखेरचे नऊ कडक उन्हाचे दिवस) चालू आहे, भेगांत माझी बोटं जातात. पावसाळ्यात त्याच मातीचा असा चिखल होतो की चप्पल उचलत नाही. मागच्या आषाढात सासूबाई तुळशीला दिवा लावायला गेल्या आणि घसरल्या. मनगट मोडलं, सहा आठवडे प्लास्टर. वय ७८. आता दोन वर्षांची नातही अंगणात पळायला लागली आहे.

खरी लॉन दोनदा लावून पाहिली. नर्मदेचं पाणी एक दिवसाआड येतं, बोरिंग एप्रिलमध्येच दम टाकतं. ते पाणी गवताला घालायला हात धजत नाही. फरशी घातली तर पाऊस जमिनीत मुरणार नाही, आणि ओल्या फरशीचीही मला भीतीच वाटते.

एका ठेकेदाराने ३५ मिलिमीटर उंच पात्यांचं कृत्रिम गवत सुचवलं. माती सपाट करायची, वर रोल अंथरायचा, दोन दिवसांत काम. नुसत्या गवताचा भाव चौरस फुटाला ७० रुपये. ह्यांना पसंत आहे. सासूबाई मात्र एकच विचारतात, "गणपतीला दूर्वा कुठून आणशील?" अंगणाच्या कडेला त्यांनी जपलेली हरळी आहे. लग्न होऊन आले तेव्हापासून एकवीस दूर्वांची जुडी मी तिथूनच खुडते. त्यांचं म्हणणं मला पटतं, पण त्यांचं प्लास्टरही डोळ्यांपुढून हलत नाही.

ज्यांच्याकडे असं गवत आहे त्यांनी मोकळेपणाने सांगा. काळ्या मातीवर टिकतं का? उन्हात किती तापतं?

वडोदऱ्याहून

ताई, "माती सपाट करून अंथरतो" हे ऐकून राहवलं नाही. आमच्याकडे अगदी असंच केलं. पहिल्या पावसात खालची माती फुगली, दिवाळीपर्यंत आकसली, आणि गवताला गादीसारख्या लाटा आल्या. माझी आई त्या लाटेला अडखळली. म्हणजे ज्यासाठी केलं तेच राहून गेलं. लव्हाळा, म्हणजे ते चिवट तण, त्याची टोकं तर आरपार वर आली, ती प्लास्टिकलाही जुमानत नाहीत.

तापण्याचं म्हणाल तर मे महिन्यात दुपारी दोनला मी तापमापक रोखून पाहिला, ६४ अंश. शेजारच्या कुंडीतल्या खऱ्या गवतावर त्याच वेळी हात ठेवता येत होता. लहान मुलाला अनवाणी सोडूच नका. दिवाळीत अनाराच्या ठिणग्या पडून नाण्याएवढी भोकं पडली, ती वेगळीच.

जुना ओव्हरसियर

सूनबाई, माझी उभी नोकरी माळव्यातल्या रस्त्यांवर गेली. काळी माती पाणी पिऊन फुगते, वाळली की फाटते. तिच्यावर थेट काहीही अंथरलं की ते हलणार. गवत चांगलं की वाईट हा प्रश्न नंतरचा, आधी खालचं बघा.

आठ इंच माती काढा. आत्ताच काढा, कोरडी आहे तोवर मजूरही सुखाने खणतील. लव्हाळ्याच्या गाठी हाताने वेचा, एकही ठेवू नका. तळाला न विणलेलं जिओटेक्स्टाइल कापड घाला, नाहीतर माती गिट्टीत चढते आणि दोन पावसांत सगळा निचरा बंद. त्यावर चार इंच मुरूम, पाणी मारून धुम्मसाने दाबलेला. मग तीन इंच २० मिलिमीटर गिट्टी, शेवटी इंचभर दगडाची बारीक चुरी. उतार घरापासून फाटकाकडे, शंभराला एक. तुमच्या २२ फुटांत तो अडीच इंचांच्या थोडा वर जातो. गच्चीचं पाणी अंगणात पडत असेल तर तो नळ आधी बाजूला वळवा.

आणि इथे थांबा. ह्या पायाला एक पावसाळा खाऊ द्या. जिथे बसेल तिथे चुरी भरा, पुन्हा दाबा, आणि गवत दिवाळीनंतर घाला. फटाक्यांचाही प्रश्न यंदापुरता सुटतो. ठेकेदार कुरकुर करील, करू द्या.

आता मोजमाप. हे रोल बहुतेक दोन मीटर रुंद येतात, म्हणजे साधारण साडेसहा फूट. दोन पट्टे शेजारी टाकले की १३ फूट होतात. तुमचं अंगण १४. उरलेल्या एका फुटासाठी ठेकेदार तिसरा पट्टा कापायला लावील आणि जोड वाढवील. तो फूटभर पट्टा सोडूनच द्या. तिथे माती राहू द्या आणि सासूबाईंची हरळी तिथे लावा. बावीस फूट लांब दूर्वा, आणखी काय हवं!

फक्त हरळी ही भारी चालणारी. जमिनीखालून सरकत गवताच्या जोडातून डोकं काढते. म्हणून मध्ये कोटा दगडाच्या पट्ट्या उभ्या गाडा, फूटभर खोल. तरी वर्षातून दोनदा कडेने कुदळ फिरवावी लागेल.

दोन्ही पट्ट्यांची पाती एकाच दिशेला झुकलेली हवीत, नाहीतर दोन रंगांची दिसतात. जोडाखाली पट्टी आणि गोंद, नुसते खिळे नकोत. वर सिलिका वाळू, चौरस मीटरला पाच-सहा किलो, म्हणजे तुम्हाला अंदाजे दीडशे किलो लागेल. तिच्या वजनाने गवत जागेवर राहतं.

ग्वाल्हेरची खेळाडू

मी हॉकी खेळायचे. १९७६च्या माँट्रियल ऑलिंपिकपासून मोठी हॉकी कृत्रिम मैदानावर आली. आमच्या मैदानावरही खेळाआधी भरपूर पाणी मारायचे, त्याशिवाय गुडघे सोलून निघत. घरच्या गवतावर पाणी मारलं तर गार होतं, पण कडक उन्हात अर्ध्या तासात पुन्हा तापतं. नातीसाठी सकाळ-संध्याकाळच ठेवा, किंवा वर हिरवी जाळी बांधा.

प्राजक्ताचं अंगण

काका, तुमचं उत्तर सासूबाईंना मोठ्याने वाचून दाखवलं. "बावीस फूट दूर्वा" ऐकून त्यांनी पुन्हा वाचायला लावलं. मग उठून स्वतः काठीने कडेची रेघ ओढली. पूर्वेची कड त्यांनी नापसंत केली, तिथे कडुलिंबाची सावली असते आणि हरळीला ऊन लागतं. पश्चिमेची घेतली. तुळशीवृंदावन त्याच बाजूला येईल, म्हणजे दिव्यापर्यंत त्यांचा पाय चिखलात पडणार नाही.

ठेकेदाराला आज दोन दिवसांचं काम नको म्हणून कळवलं. उद्या मजूर येणार आहेत. खणायच्या आधी मी हरळीचे गड्डे काढून तीन जुन्या टबांत लावले. यंदाच्या गणपतीला जुडी त्या टबांतलीच निघेल.

एवढं अजून सांगा, वडोदऱ्याच्या ताई किंवा दादा: लव्हाळ्याच्या गाठी किती खोल असतात? हरळी काढताना आठ इंचांच्या खालीही मला दोन सापडल्या.

वडोदऱ्याहून

फूटभरही जातात. खणलेल्या तळाला आठ दिवस ऊन खाऊ द्या, कोंब दिसला की गाठीसकट उपटा, मगच कापड घाला.