चहा मसाल्याचा डबा ठेवावा की खलबत्ता?

गंजभर चहा (त्रिमूर्तीनगर)

सरळच सांगतो. दळून डब्यात भरलेला चहा मसाला चहाचं भलं करत नाही, मग तो विकतचा असो की घरी दळलेला. नागपुरात थंडी सुरू झाली की सुंठ, मिरे, लवंग, कलमी म्हणजे दालचिनी, विलायची, जायफळ असं सगळं मिक्सरमधून निघतं आणि होळीपर्यंत चहाच्या प्रत्येक गंजात, म्हणजे पातेल्यात, पडत राहतं. डिसेंबरात त्याला विलायचीचा वास असतो. फेब्रुवारीत नुसता घशाला जाळ.

विलायची, लवंग, कलमी यांचा वास उडून जाणाऱ्या तेलात असतो. दाणा अख्खा आहे तोवर ते तेल आत टिकतं, भुकटी केली की हवा लागून जातं. मिऱ्याचा नि सुंठेचा तिखटपणा मात्र तसा उडत नाही. म्हणून जुन्या डब्यात शेवटी तिखटपणाच उरतो आणि आपण म्हणतो, वा, काय कडक झाला!

माझी पद्धत अशी. दोन कपांसाठी एक कप पाणी, त्यात बोटाच्या पेराएवढं अद्रक ठेचून. हे पाणी दोन-तीन मिनिटं खळखळ उकळलंच पाहिजे. कच्च्या अद्रकात दुधाची प्रथिनं तोडणारं एक विकर (एन्झाइम) असतं, ते उकळीनं निकामी होतं. कोमट दुधात अद्रक किसलं की दूध फाटतं ते त्याच्यामुळे, शिव्या मात्र दूधवाल्याला बसतात. मग दोन लहान चमचे पत्ती नि साखर. पाणी गडद तांबूस झालं की एक कप दूध. चहा काठापर्यंत फुगून आला की गॅस बारीक, खाली बसला की पुन्हा मोठा, असं दोनदा. गॅस बंद केल्यावर दोन विलायच्या सालीसकट ठेचून टाकायच्या, झाकण ठेवायचं, दोन मिनिटं हात लावायचा नाही. बस. लवंग-मिरे सर्दी असेल त्या दिवशी.

आणि एक. जिथे मसाला भरपूर असतो तिथे पत्ती बहुतेक वेळा हलकी असते. मसाल्यात घालता ते पैसे पत्तीत घाला.

मोठी सून (नंदनवन)

भाऊ, वाचून छान वाटलं. आता एकदा सकाळी सहाला आमच्या घरी या.

बाबांना बिनसाखरेचा, आईंना बिनअद्रकाचा, दिरांना कडक, आणि ह्यांना "कसाही चालेल", म्हणजे मनासारखा झाला नाही तर तोंड वाकडं. एका शेगडीवर पोळ्यांचा तवा, दुसरीवर कुकर. चहाचा गंज मध्येच चढतो नि मध्येच उतरतो. त्यात मी गॅस बंद करून, झाकण ठेवून, दोन मिनिटं गंजाकडे पाहत उभी राहू?

डबा हौसेनं नाही आला घरात. एका दुपारी अर्धा तास बसून महिन्याभराचं ठेचणं उरकायचं, म्हणून आला. चहा करणारी एक आणि पिणारे सहा असतात त्या घरात खलबत्ता कोणाच्या हातात असतो ते तुम्हालाही माहीत आहे.

राहिला वास. माझा डबा उघडला की शेजारच्या काकू दारातून विचारतात, चहा ठेवला का गं?

गंजभर चहा

वहिनी, काकूंपर्यंत पोचला तो वास कपातून वजाच झाला ना?

कामाचं म्हणाल तर आमच्याकडे चहा मीच करतो. रोज.

मोठी सून

दोन कप. तुम्हीच लिहिलंय वर. त्याला चहा करणं नाही म्हणत भाऊ, हौस म्हणतात.

इतवारीचा पोट्टा

डबा नि खलबत्ता करून राहिले सगळे, मालाबद्दल कोणी बोलूनच नाही राहिलं. आमचं किराण्याचं दुकान हाय, म्हणून सांगतो. घरी करून पाहा.

काचेचा गिलास घ्या, साधं पाणी भरा, थोड्या लवंगा टाका. तेल शाबूत असलेली लवंग तळाशी जाते. आधीच तेल काढून घेतलेली वर तरंगत राहते. तशी लवंग दिसायलाही सुरकुतलेली असते, नखानं दाबली तर ओलसरपणा नाही येत. ती तुम्ही मिक्सरमधून काढा का सोन्याच्या खलबत्त्यात कुटा, चहात भुसाच पडणार.

कलमीचंही तसंच. जाड, टणक, एकाच सालीची नळी भेटते ती कॅसिया. सिलोनची कलमी म्हंजे पातळ पापुद्रे एकात एक गुंडाळलेले, बोटानं चुरा होते. भाव तिचा लय जास्त, म्हणून गिऱ्हाईक कॅसियाच नेते. चहाला कॅसियाचा तिखट वास चालतो, माझी काही तक्रार नाही. पण रोज चमचा-चमचा नका टाकू. तिच्यात कूमरिन असते, जास्त झालं तर लिव्हरले तरास.

पत्तीबद्दल गंजभर भाऊ बरोबर हाय. गाळणकागद ओला करा, वर पत्ती पसरा, पाणी शिंपडा, मग कागद नळाखाली धुऊन उजेडात धरा. रंगाचे डाग दिसले तर पत्तीले रंग मारलेला हाय. अशा पत्तीच्या चहाचा रंग पाहूनच लोक खूश होते बाप्पा.

बिनदुधाचा (धंतोली)

या वादात दोन्ही पक्ष चुकीचे आहेत. आधी पत्ती इतकी उकळायची की कडू व्हावी. मग कडूपणा मारायला दूध. मग उकळलेल्या दुधाचा वास मारायला मसाला. मसाला तिखट झाला म्हणून आणखी साखर. यात चहा कुठे आहे?

दूध घातलं की त्यातलं केसिन हे प्रथिन चहातल्या तुरट टॅनिनला धरतं, म्हणून जिभेवरचा तुरटपणा जातो. पण तो तुरटपणा म्हणजेच चहा. उकळून खाली उतरवलेलं पाणी, चांगली पानाची पत्ती, तीन-चार मिनिटं झाकण, गाळलं, प्यायलो. ना डबा, ना खलबत्ता, ना गंजाच्या काठाला चिकटलेली साय.

राष्ट्रीय पोषण संस्थेनं आयसीएमआरसोबत २०२४ साली काढलेल्या आहार मार्गदर्शिकेतही बिनदुधाच्या चहाचे फायदे सांगितले आहेत. जेवणाआधी नि नंतर किमान एक तास चहा-कॉफी नको, कारण टॅनिन अन्नातलं लोह अडवतं. आणि दिवसभराचं कॅफिन ३०० मिलिग्रॅमच्या आत ठेवा. चहाच्या एका कपात ३० ते ६५ असतं. आपल्याकडे जेवून उठलं की लगेच "थोडा चहा टाका" चालतं, त्याचं काय?

तर्रीबाज (महाल)

मग तर्री-पोह्यावर काय पिऊ जी, तुमचं पाणी?

रविवारी सकाळी पोह्यावर चना, त्यावर लाल तेलाची तर्री, वर कच्चा कांदा. जीभ चुरचुरून राहिली असते. तिच्यावर तुमचा काळा तुरट चहा म्हणजे शिक्षा, नि वहिनींचा मिऱ्या-सुंठेचा म्हणजे आगीत तेल. तिथे पाहिजे दूध आटलेला, गोड, बिनमसाल्याचा चहा, छोट्या गिलासात. मसाल्याचं काम तर्रीनं आधीच करून ठेवलंय.

आणि हे सगळे थंडीतले वाद. नवतपा लागला, पारा ४५ च्या पार गेला, की कूलरसमोर बसून सुंठेचा चहा पिणारा मला दाखवा. तेव्हा तोच डबा फडताळात मागे सरकतो.

मोठी सून

सरकत नाही. बाबा मे महिन्यातही पितात. वर घाम पुसायला टॉवेल मागतात.

तुळशीवृंदावन (सक्करदरा)

मसाला चहावर एवढं तोंडसुख कशाला? ही आपली हजारो वर्षांची परंपरा आहे. सुंठ, मिरे, पिंपळी, तुळस, सगळं आयुर्वेदातलं. चहा हे निमित्त, मसाला हेच औषध. आमच्या डब्यात ज्येष्ठमधही असतो, घरात सगळ्यांना रोज देते. गंजभर म्हणतात तसं फक्त सर्दीत घालायचं म्हणजे आजार आल्यावर जागं होणं.

निवृत्त मास्तर (रेशीमबाग)

ताई, हजारो वर्षांचा काढा म्हणा, मी हो म्हणतो. चहा त्यात फार उशिरा आला. मळे आसामात एकोणिसाव्या शतकात लागले आणि तो माल बाहेर जायचा. १९०३ साली निर्यातीच्या चहावर उपकर बसला, त्या पैशातून चहाचा प्रचार सुरू झाला, आणि पुढे तो देशभर पोचला. १९३० च्या सुमारास आसामात सीटीसी यंत्र आलं. पान चिरडून, फाडून, गुंडाळून दाणा करणारं. पुढे त्या दाण्याची पत्ती बाजारभर झाली. दाणा स्वस्त, लवकर रंग सोडणारा, दूध-साखरेला पुरून उरणारा. आपला उकळलेला चहा त्या दाण्यावर उभा आहे. पानाच्या पत्तीला इतकी उकळी सोसत नाही.

पण गंजभर, तुम्हीही ऐका. त्या काळच्या प्रचारकांना पत्ती खपवायची होती. दूध नि मसाला वाढवून पत्ती वाचवणारे चहावाले त्यांच्या डोळ्यांत खुपत. "मसाल्यात घालता ते पैसे पत्तीत घाला" हे तुमचं वाक्य तुमच्या आधी पत्ती विकणारे म्हणून गेले. गरिबाच्या गंजात पत्ती कमी होती म्हणून अद्रक जास्त पडलं. त्यातून जी चव तयार झाली ती आज तुम्ही-आम्ही मागून पितो. मसाला पत्ती झाकतो असं म्हणता, तर झाकू द्या की. झाकण्यातूनच हा पदार्थ झाला.

गंजभर चहा

मास्तर, हा फटका जोरात बसला. तरी एक सांगा. त्या चहावाल्याचं अद्रक ताजं होतं की नाही? तो टाकायच्या वेळी ठेचत होता. आजही चौकात गाड्यावर उभं राहा, बत्त्याचा आवाज आधी येतो, चहा मग. मी मसाल्याच्या विरोधात नाही, चार महिन्यांच्या भुकटीच्या विरोधात आहे. गरिबीतून आलेली चव मला मान्य आहे, मिक्सरमधून आलेली नाही.

मोठी सून

गाड्यावर तो दिवसभर चहाच करतो. दुसरं काम काय त्याला? मधूनच गॅस सोडून मुलाची वॉटरबॅग शोधायला जात नाही तो.

औषधांची बाई (प्रतापनगर)

तुळशीवृंदावन ताई, एका गोष्टीसाठी मध्ये पडते. ज्येष्ठमध रोज आणि सगळ्यांना नका देऊ. त्यातल्या ग्लिसिरायझिननं रक्तदाब वाढतो, पोटॅशियम कमी होतं. घरात कोणी बीपीच्या गोळ्या घेत असेल तर आधी डॉक्टरांना विचारा. घसा बसलाय म्हणून दोन दिवस घेतला तर वेगळं. बाकी डबा ठेवा की फेका, मला फरक पडत नाही, मी कॉफी पिते.

बोअरवाला (मनीषनगर)

पाण्याचं नाव कोणीच घेतलं नाही. आमच्या फ्लॅटला बोअरचं पाणी. जड. तीच पत्ती, तेच दूध, चहा काळपट नि मंद, वर पातळ तवंग, कपाला करडी रेघ. सासुरवाडीला महालात नळाला पेंच धरणाचं पाणी येतं, तिथे त्याच पत्तीचा चहा लाल होतो. तेव्हापासून चहापुरतं फिल्टरचं पाणी वेगळं ठेवतो. आधी पाणी बदला, मग मसाल्यावर भांडा.

तुळशीवृंदावन

औषधांच्या ताई, सासूबाईंना गोळी आहे. त्यांच्या चहातून ज्येष्ठमध काढते. बाकी मास्तरांनी काढा आणि चहा वेगळे केले तरी आमच्या गंजात ते एकत्रच आहेत, आणि एकत्रच राहतील.

बिनदुधाचा

बोअरवाला, जड पाण्याचा तवंग बिनदुधाच्या चहात आणखी स्पष्ट दिसतो. म्हणजे निदान कळतो. तुमच्याकडे दुधाखाली काय काय दडतं ते गंजालाच ठाऊक.

तर्रीबाज

यांना कोणीतरी पोहे खाऊ घाला.

मोठी सून

दुपारी वेळ होता म्हणून इतवारीच्या भाऊंचा गिलास करून पाहिला. बऱ्याच लवंगा तरंगल्या. आजवर "ताजा माल आहे ताई" म्हणून घेत होते, आता दुकान बदलते. त्याबद्दल आभार.

डबा मात्र राहणार. सुंठ, मिरे, लवंग नि कलमी दळून थोडी-थोडी, पंधरा दिवसांपुरती. विलायची त्यातून काढली, ती अख्खी बरणीत ठेवली आहे. खलबत्ता घासून ओट्यावर, गंजाच्या बाजूला. घरात सगळ्यांना सांगून टाकलं, ज्याला वास पाहिजे त्यानं आपल्या कपापुरती स्वतः ठेचून घ्यावी. मी गंज उतरवते, झाकण ठेवायला दोन हात आहेत सगळ्यांना.

गंजभर चहा

मग? कोणी ठेचली?

मोठी सून

बाबांनी. फक्त बाबांनी. दीर म्हणाले, वहिनी, डब्यातला मसालाच बरा आहे.