इंग्लंडमधल्या नोकरीच्या जाहिरातींतलं ‘फ्लेक्सिबल’: सोय नक्की कोणाची?

रेडिंगकर: इंग्लंडमध्ये नव्याने आलेल्यांसाठी लिहितोय. गोदाम, केअर होम, हॉटेल यांच्या जाहिरातीत ‘मस्ट बी फ्लेक्सिबल’ दिसलं, की बोलावलं तेव्हा यायचं असा अर्थ धरा. झिरो-अवर करारात किमान तासांची हमी नसते. मंगळवारची पाळी सोमवारी संध्याकाळी मेसेज टाकून रद्द करतात, घरभाडं मात्र ठरल्या तारखेला खात्यातून जातंच. जाहिरातीत हा शब्द चालवूनच घेऊ नये. आठवड्याचे किमान तास छापायची सक्ती हवी.

लेस्टरची_सून: अजिबात पटलं नाही. याच शब्दाच्या जोरावर माझी नोकरी टिकली. मुलीची शाळा सव्वातीनला सुटते. कामाच्या वेळा बदलून मागायचा हक्क पूर्वी 26 आठवडे नोकरी झाल्यावर मिळायचा, 6 एप्रिल 2024 पासून तो पहिल्या दिवसापासून आहे. वर्षात दोन अर्ज करता येतात आणि मालकाला दोन महिन्यांत निर्णय द्यावा लागतो. कायद्यात याला ‘फ्लेक्सिबल वर्किंग’च म्हणतात. जाहिरातीत हा शब्द दिसला की आमच्यासारख्या आयांना अर्ज करायचा धीर येतो.

रेडिंगकर: ताई, हक्क मागण्याचा आहे, मिळण्याचा नाही. कायद्यात धंद्याची आठ कारणं दिलीत, त्यातलं एखादं लागू पडलं की नकार देता येतो. शिवाय हा हक्क फक्त ‘एम्प्लॉयी’ना, म्हणजे रीतसर नोकरीच्या करारावर असलेल्यांना. झिरो-अवरवाले बरेच जण कायद्याने नुसते ‘वर्कर’, म्हणजे कमी हक्कांचे कामगार ठरतात. ज्यांना गरज जास्त, तेच बाहेर.

हडपसर_ते_हल: मी विद्यार्थी आहे, मला झिरो-अवरच परवडतं. परीक्षा आली की पाळी नाकारतो, नाकारायची मुभा आहे. दुसरीकडे काम करू नका हे कलमही 2015 पासून चालत नाही. फक्त एक सांभाळा. पदवीला असणाऱ्यांना स्टुडंट व्हिसावर सत्र चालू असताना आठवड्याला 20 तासांचीच परवानगी असते. मॅनेजर हसत ‘यू आर फ्लेक्सिबल, राइट?’ म्हणतो, तेव्हा तो विचारत नसतो, जादा पाळी गळ्यात घालत असतो. तिथे संकोच केलात तर व्हिसा धोक्यात येतो. स्पष्ट नाही म्हणा.

लेस्टरची_सून: हे मात्र खरं. मुलाखतीतही ‘आय ॲम फ्लेक्सिबल’ म्हणून मोकळं होऊ नका. नऊ ते अडीच, सोमवार ते शुक्रवार, असं सांगा आणि लेखी घ्या.

रेडिंगकर: सांगा जरूर. पण हडपसरकर, दोनदा पाळी नाकारल्यावर तिसऱ्या आठवड्यात तुम्हाला किती तास मिळाले?