झिराडकर परिवार ग्रुप : मुसाजीबाबा गेले कोणत्या साली?

*बुधवार*

शॅरन (बीरशेवा): सगळ्यांना शालोम. एतानला शाळेत ‘शोराशिम’ करायचंय. शोराशिम म्हणजे मुळं. इथे इस्राएलमध्ये बार मित्झ्वाच्या, म्हणजे तेराव्या वर्षीच्या धार्मिक विधीच्या, वर्षी मुलांकडून घराण्याची वंशावळ करून घेतात. वर्गातली मुलं पोलंड, मोरोक्को, येमेन सांगतायत. मला पप्पांच्या वरची तीनच नावं माहीत आहेत. कोणाकडे काही असेल तर टाका ना.

बेनीकाका (पुणे): सोपं आहे. डीएनए किट मागवा. लाळ पाठवली की दोन हजार वर्षांचं सगळं घरपोच.

एलिझा (लंडन): काका, खापरपणजोबांचं नाव लाळेतून येत नाही 😄 २०१६ चा अभ्यास आहे, बेने इस्राएलांमध्ये, म्हणजे आपल्या कोकणातल्या ज्यूंमध्ये, ज्यू आणि भारतीय दोन्हीकडचे अंश दिसले. पण ते अख्ख्या समाजाचं झालं. आणि आपल्यात पिढ्यान् पिढ्या नात्यातच लग्नं. किटवाल्यांना अर्धं ठाणे आपलं सख्खं चुलत दिसेल.

राहेलवहिनी (ठाणे): दिसेल काय, आहेच.

सॅम्सनदादा (ठाणे): आधी घरात काय आहे ते काढा. पेटीतले कतुबा म्हणजे लग्नाचे करारनामे, तोराह या धर्मग्रंथाच्या पहिल्या पानावरच्या जन्मतारखा, जुने रेशनकार्ड, शाळेचा दाखला. शॅरन, आपलं आडनावच पत्ता आहे. पेणकर पेणचे, रोहेकर रोह्याचे, आपण अलिबागजवळच्या झिराडचे. पोलंडवाल्याला गाव शोधायला वर्षं लागतात, आपण ते नावात घेऊन फिरतो.

शॅरन: दादा, मग अडलंय कुठे?

सॅम्सनदादा: मुसाजीबाबांपाशी. रिबेकाआत्याचे पणजोबा. त्यांचा मृत्यू १८९४ चा असं आमचे बाबा सांगायचे, कबरीवरून काढलं होतं. मी तहसीलच्या रेकॉर्डमध्ये गाव नमुना १४ पाहिला, म्हणजे कोतवाल बुक, जन्म-मृत्यूचं. १८९४ ची सगळी पानं. काही नाही.

बेनीकाका: कुणबी नोंदींमुळे आता सगळ्या महाराष्ट्राला कोतवाल बुक कळलं.

सॅम्सनदादा: हो, आणि मोडी वाचणारे हाताला लागेनासे झाले 🙏

*गुरुवार*

एलिझा: शॅरन, मी हे थोडं शिकलेय म्हणून सांगते. ज्यूइशजेन ही साइट मोफत आहे, १९८७ पासूनची. जगभरच्या ज्यू कबरस्तानांची यादी तिच्यावर आहे, वंशावळ शिकवणारे ऑनलाइन वर्गही घेतात. न्यूयॉर्कच्या सेंटर फॉर ज्यूइश हिस्टरीमध्ये वंशावळीसाठी वेगळा विभागच आहे. फॅमिलीसर्चही मोफत. वर्ग जरूर कर, पुरावा कसा तपासायचा ते छान शिकवतात. पण धडे बहुतेक पोलंड-रशियाच्या कागदांवर. आपल्याला यिद्दिश, म्हणजे युरोपातल्या ज्यूंची भाषा, येऊन उपयोग नाही, मोडी यायला हवी.

बेनीकाका: भारत इतिहास संशोधक मंडळात मोडीचे वर्ग असतात. माझ्या घरापासून रिक्षाने पंधरा मिनिटं.

राहेलवहिनी: मग जा की. डीएनएपेक्षा स्वस्त.

एलिझा: आणखी एक. फौजेतलं कोणी असेल तर ब्रिटिश लायब्ररीत इंडिया ऑफिसचे कागद आहेत. बॉम्बे आर्मीत आपले सुभेदार बरेच होते. फक्त शोधताना नावाचे सगळे अवतार घ्यायचे. मोझेसचे मुसाजी, सॅम्युएलचे समाजी, इझिकेलचे हसाजी. मुंबईची १७९६ ची जुनी मशीद, म्हणजे आपलं सिनेगॉग, बांधणारे सॅम्युएल इझिकेल दिवेकर म्हणजेच समाजी हसाजी. इंग्रजी स्पेलिंगने शोधलंस तर हा माणूस दोनदा हरवेल.

शॅरन: एतान विचारतोय, आपण सिनेगॉगला मशीद का म्हणतो?

सॅम्सनदादा: कोकणात प्रार्थनेच्या जागेला तोच शब्द हाताशी होता, बाळा. मस्जिद स्टेशनचं नावही आपल्या जुन्या मशिदीवरूनच पडलं असं सांगतात.

रिबेकाआत्या (अश्दोद): 🎤 ४:१२

राहेलवहिनी: आत्याचं लिहून काढते, तिकडच्या मुलांना ऐकून कळत नाही. “१९६२ साली इथल्या मुख्य रब्बींनी, म्हणजे धर्मगुरूंनी, फतवा काढला, बेने इस्राएलांचं लग्न लावण्याआधी मागच्या पिढ्या तपासा. दोन वर्षं मोर्चे-धरणी झाली, १९६४ मध्ये ते मागे घेतलं. तेव्हापासून माझ्या आईचा कतुबा मी कुलुपात ठेवते. त्यात आजोबांचं नाव आहे. वाचायचा तर या, फोटो पाठवणार नाही.”

एलिझा: शॅरन, बीरशेवाहून अश्दोद किती लांब गं? पहिला दप्तरखाना तोच. आधी आत्याला गाठ, साइट्स कुठे पळून जात नाहीत.

*रविवार*

सॅम्सनदादा: काल मलिद्याला, आपल्या नवसाच्या प्रार्थनेला, अलिबागला गेलो होतो, आज सकाळी कबरस्तानात. [फोटो] तारेचा ब्रश, खडू काही लावलं नाही, दगड झिजतो. पाणी आणि रंगाचा मऊ ब्रश. आठच्या सुमाराला ऊन आडवं पडतं तेव्हा अक्षरं उठून दिसली. मराठीत “मुसाजी दाऊदजी” आहे, खालची तारीख फुटलीय. हिब्रू शाबूत.

शॅरन: एतान वाचतोय! “मोशे बेन दाविद.” खाली महिना किस्लेव. साल ताव, रेश, नून, दालेत.

सॅम्सनदादा: तेच. हिब्रूत अक्षरंच आकडे. ४०० + २०० + ५० + ४ = ६५४. वरचे ५००० लिहायचे नसतात. ६५४ मध्ये १२४० मिळवले की १८९४. बाबांनी असंच काढलं.

एलिझा: थांबा. किस्लेव म्हणजे नोव्हेंबर-डिसेंबर ना?

सॅम्सनदादा: हनुक्का सणाचा महिना. हो.

एलिझा: आपलं वर्ष रोश हशानाला, तिश्री महिन्याच्या पहिल्या दिवशी, बदलतं, सप्टेंबर-ऑक्टोबरात. ५६५४ सुरू झालं तेव्हा बाहेर अजून १८९३ चालू होतं. तिश्रीपासून डिसेंबरअखेरपर्यंत १२४० नाही, १२३९ मिळवायचे.

बेनीकाका: म्हणजे सॅम्सनने चुकीचं वर्ष चाळलं.

सॅम्सनदादा: बाबांनी काढलेलं होतं, मी तपासलं नाही 🤦 उद्या पुन्हा अर्ज.

*अडीच आठवड्यांनी*

सॅम्सनदादा: [फोटो] १८९३, डिसेंबर. मोडी एका ओळखीच्या सरांनी वाचून दिली. “मुसाजी बिन दाऊदजी, मौजे झिराड, जात शनवार तेली, उमर ६०, ताप.” शनवार तेली म्हणजे आपणच, शनिवारी घाणा बंद ठेवणारे तेली.

राहेलवहिनी: अंगावर काटा आला.

एलिझा: दगडावर ‘बेन’, मोडीत ‘बिन’ ❤️ उमर ६० म्हणजे जन्म साधारण १८३३ चा. अंदाजच धरा, तेव्हा वय विचारून लिहायचे. आणि जातीचा रकाना लक्षात ठेवा. पुढे शोधताना फक्त ‘यहुदी’ नाही, ‘शनवार तेली’ही बघायचं.

बेनीकाका: वर्गात नाव घातलंय. आतापर्यंत ‘श्री’ येतंय.

शॅरन: आत्याकडे जाऊन आलो. कतुबा पाहिला, आजोबांच्या वडिलांचं नाव तेच, मोशे. आता चार्ट पूर्ण आहे. पण एतानला तेल्याचं चित्र काढायचंय आणि घाणा म्हणजे काय ते मला हिब्रूत सांगता येत नाहीये.

रिबेकाआत्या: 🎤 ०:४१

राहेलवहिनी: “लाकडी उखळ, त्यात उभी लाट, लाटेला दांडा, दांड्याला बैल. बैलाच्या डोळ्यांवर झापड काढ, नाहीतर त्याला चक्कर येईल. आणि शनिवार असेल तर बैल झाडाखाली बसलेला दाखव. त्यालाही सुट्टी असायची.”